किती जुन्या आवृत्त्या सांभाळणार? ब्रँचिंगचा निर्णय तिथून सुरू होतो

मुक्तस्रोत प्रकल्पावर दोन-तीन मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, जमले की थोड्याच दिवसांत वाद सुरू होतो : कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये ब्रँचेस, म्हणजे कोडच्या समांतर वाटा, कशा मांडायच्या? गिट-फ्लो घ्यायचा, गिटहब-फ्लो घ्यायचा, की सगळं थेट मेन या मुख्य ब्रँचवर? कुणीतरी रंगीत रेषांची आकृती दाखवतं, ती सगळ्यांना आवडते आणि डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स अशा ब्रँचेस त्याच संध्याकाळी तयार होतात. सहा महिन्यांनी पाहावं तर खरा कोड कुठल्या ब्रँचवर आहे हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

आकृतीआधी एक प्रश्न सोडवायचा असतो. दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती वापरणारा माणूस बग घेऊन आला, तर त्याला काय उत्तर द्यायचं? ‘नवी आवृत्ती घ्या’ की ‘तुमच्याच आवृत्तीत दुरुस्ती करून देतो’? रिलीजची, म्हणजे बाहेर पडलेल्या आवृत्तीची, ब्रँच म्हणजे हे दुसरं वचन. वचन दिलेलं नसेल तर ब्रँच नको. आणि दिलं असेल तर ते पाळायला माणूस कोण, त्याचं नाव ब्रँच काढायच्या दिवशीच लिहून ठेवायला हवं.

उदाहरण गोव्यातलंच घेऊ. समजा, गावोगावच्या वाचनालयांसाठी पुस्तकांची देवघेव नोंदवणारं सॉफ्टवेअर आपण करतो आहोत. पणजीच्या मोठ्या वाचनालयात संगणक सांभाळायला वेगळा माणूस आहे, तो दर महिन्याला नवी आवृत्ती घालील. काणकोणात किंवा सत्तरीत आतल्या गावातल्या वाचनालयात एकच बाई पुस्तकं देते, वर्तमानपत्रं लावते आणि संध्याकाळी कुलूपही तीच घालते. तिथे कुणी एकदा सॉफ्टवेअर बसवून गेलं की ते दोन-तीन वर्षं तसंच चालणार. उशिराच्या दंडाची रक्कम चुकीची येते म्हणून तिने नवी आवृत्ती घ्यावी, नवे स्क्रीन शिकावेत, डेटाबेसची रचना बदलू द्यावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिला फक्त दंडाची दुरुस्ती हवी आहे. कोहा हे ग्रंथालयांचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हीच गरज ओळखून चालतं. मे आणि नोव्हेंबरमध्ये मोठी आवृत्ती, आवृत्तीचा क्रमांक वर्ष-महिन्यावरून, जसा २४.०५. जी आवृत्ती अजून सांभाळायची आहे तिची वेगळी ब्रँच आणि त्या ब्रँचला स्वतंत्र मेंटेनर. तिथे ब्रँच आणि माणूस एकत्रच नेमले जातात, हे मला त्यांच्या पद्धतीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

याउलट हेच सॉफ्टवेअर आपल्या एकाच सर्व्हरवर चालत असेल आणि सगळी वाचनालयं ब्राउझरमधून वापरत असतील, तर जुनी आवृत्ती जगात शिल्लकच नाही. मग मेन आणि दोन-तीन दिवस जगणाऱ्या छोट्या ब्रँचेस पुरतात. त्या प्रकाराबद्दल याहून जास्त लिहायची गरज नाही.

गिट-फ्लोबद्दल मात्र थोडं लिहायला हवं, कारण अजूनही पहिला हात त्याकडेच जातो. व्हिन्सेंट ड्रीसन यांनी ही पद्धत जानेवारी २०१० मध्ये मांडली. २०२० मध्ये त्यांनी स्वतःच वर टीप जोडली, की सतत तैनात होणाऱ्या वेब-ॲपसाठी याहून साधी पद्धत घ्या. ठरावीक क्रमांकाच्या आवृत्त्या देत असाल किंवा अनेक आवृत्त्या सांभाळत असाल, तर ही अजूनही उपयोगी ठरू शकते. टीप प्रामाणिक आहे. तरी मूळ आकृती नीट पाहा. मास्टर या मुख्य ब्रँचवर फक्त ताजं रिलीज असतं. २.३ आणि २.४ दोन्ही एकाच वेळी जिवंत ठेवायच्या असतील, तर २.३ ची दुरुस्ती कुठे करायची याला त्या आकृतीत जागाच नाही. शिवाय हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, मास्टरमध्येही मर्ज करायची (मिसळायची) आणि नवं काम चालतं त्या डेव्हलपमध्येही. दुसरं मर्ज विसरलं, की पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये तोच बग परत उगवतो. दोन मेंटेनरांच्या प्रकल्पात, तेही नोकरी सांभाळून काम करणाऱ्या, हे विसरणं कधी ना कधी होणारच.

खरा निवाडा एकाच मुद्द्यावर करायचा असतो : दुरुस्ती कुठून कुठे वाहणार?

खाजनातली, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतातली, मानस (पाण्याची दारं) पाहिली असेल तर हा मुद्दा पटकन कळेल. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिची दारं उघडतात, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात. दारं दोन्हीकडे उघडू लागली, तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पीक गेलं. ब्रँचिंगलाही अशी एक दिशा लागते. दुरुस्त्या कधी मेनवरून जुन्या ब्रँचकडे, कधी जुन्या ब्रँचवरून मेनकडे, अशा सोयीप्रमाणे वाहू लागल्या की वर्षभरात कुठली दुरुस्ती कुठे आहे हे सांगणारा माणूस उरत नाही.

दिशा दोनच आहेत, आणि दोन्ही मोठ्या प्रकल्पांत वापरल्या जातात.

पहिली, जुन्याकडून नव्याकडे. ज्या सर्वांत जुन्या ब्रँचला दुरुस्तीची गरज आहे तिथे कमिट करायचं, म्हणजे बदल नोंदवायचा, आणि मग २.३ चं मर्ज २.४ मध्ये, २.४ चं मेनमध्ये, असं वर चढत जायचं. गिटच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानात हीच रीत सांगितली आहे. याचा मोठा फायदा म्हणजे कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, सगळीकडे तोच राहतो. रिलीजच्या कमिटला दिलेलं नाव म्हणजे टॅग. ‘गिट टॅग --कंटेन्स’ आणि पुढे हॅश लिहिला, की ही दुरुस्ती कुठल्या रिलीजमध्ये आहे याचं अचूक उत्तर मिळतं. एखादी दुरुस्ती वर चढायची राहिली, तरी पुढच्या मर्जमध्ये ती आपोआप येते.

दुसरी, नव्याकडून जुन्याकडे. आधी मेनवर दुरुस्ती, मग तिथून चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच कमिट उचलून, जुन्या ब्रँचेसवर. लिनक्स कर्नलच्या स्टेबल झाडाचा, म्हणजे बाहेर पडलेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या देणाऱ्या कोडसाठ्याचा, पहिला नियमच असा, की पॅच (बदलाचा तुकडा) किंवा तशीच दुरुस्ती आधी मुख्य झाडात असली पाहिजे. पायथॉन ही भाषा आणि जँगो हे वेबसाइट बनवायचं साधन याच वाटेने जातात. जँगोमध्ये जुन्या ब्रँचवरच्या कमिटच्या संदेशाला सुरुवातीला चौकटी कंसात ब्रँचचं नाव असतं आणि शेवटी मेनवरच्या कोणत्या कमिटचा हा बॅकपोर्ट (जुन्या ब्रँचवर आणलेली दुरुस्ती) आहे ते लिहिलेलं असतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस थोडं वेगळं करतो. दुरुस्ती करणारा कमिटर मास्टरवर आणि लागू असलेल्या सगळ्या जुन्या ब्रँचेसवर जवळपास एकाच वेळी कमिट करतो, सगळीकडे संदेश तोच ठेवतो आणि त्यावरूनच नंतर त्यांची जुळणी होते. त्यांची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, म्हणजे कोणत्याही दिवशी निदान पाच जुन्या ब्रँचेस जिवंत. एवढं करायला कसलेले कमिटर लागतात.

छोट्या प्रकल्पाने दुसरी दिशा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ आहे, पण ती नवख्या माणसाला मारक ठरते. फर्मागुडीच्या किंवा झुआरीनगरच्या कॉलेजातला विद्यार्थी पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या, ही विनंती) पाठवतो तेव्हा तो मेनवरूनच ब्रँच काढतो, कारण रेपो, म्हणजे प्रकल्पाचा कोडसाठा, क्लोन केल्यावर समोर मेनच येतं. मग तुम्ही सांगता, ‘ही दुरुस्ती २.३.एक्स या जुन्या ब्रँचवर पाठव.’ तो पुल रिक्वेस्टचं लक्ष्य बदलतो आणि चार ओळींच्या बदलाऐवजी मेनवरची दोनशे कमिट्स त्यात दिसू लागतात. याला उपाय आहे : ‘गिट रीबेस --ऑन्टू २.३.एक्स मेन माझी-दुरुस्ती’. पण पहिल्याच योगदानाला रीबेस, म्हणजे आपले कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर बसवणं, शिकावं लागलं, तर बरेच जण परत फिरकत नाहीत. मेन-प्रथम पद्धतीत त्याचं काम मेनवर संपतं. बॅकपोर्टचा भार मेंटेनरवर येतो आणि तो तिथेच असावा.

पहिली दिशा घेतलीच, तर तिच्यातला एक खड्डा ओळखून ठेवा. २.३ मध्ये आवृत्तीचा क्रमांक २.३.५ केला की तो कमिटही वर मर्ज होतो आणि मेनवरच्या २.५ शी भांडतो. यासाठी फक्त क्रमांक बदलणारा कमिट वेगळा ठेवून त्यापुरतं ‘गिट मर्ज -एस अवर्स’ वापरतात, त्याने मर्जची नुसती नोंद होते, बदल येत नाही. त्या मर्जमध्ये चुकून एखादी खरी दुरुस्तीही गेली, तर गिट तिला ‘मर्ज झाली’ असं धरतं आणि तिच्यातली एकही ओळ मेनवर येत नाही. कुठेही त्रुटीचा संदेश नाही, कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) नाही. महिन्यांनी बग परत आला की मग शोध सुरू.

आता मेन-प्रथम पद्धतीचं रोजचं काम.

पुल रिक्वेस्ट मेनमध्ये स्क्वॉश करून घ्या. एका दुरुस्तीचा एकच कमिट झाला की बॅकपोर्ट करणं सोपं. संदेशात, ज्या कमिटने बग आणला त्याचा हॅश लिहायची सवय लावा. कर्नलमध्ये त्यासाठी ‘फिक्सेस’ अशी ओळ असते आणि हॅशची निदान १२ अक्षरं लिहितात. ती ओळ असेल तर बॅकपोर्ट कुठे लागेल हे विचारावंच लागत नाही. बग आणणारा कमिट २.४ मध्ये आला असेल, तर २.३ ला दुरुस्ती नको.

मग पुल रिक्वेस्टवर ‘बॅकपोर्ट २.३’ असं लेबल. पायथॉनच्या रेपोमध्ये अशा लेबलवरून बॉट आपोआप बॅकपोर्टची पुल रिक्वेस्ट उघडतो. महिन्याला चार-पाचच बॅकपोर्ट असतील, तर बॉट बसवत बसू नका, हाताने करा. लेबल मात्र हवंच, कारण ‘करायचं राहिलं’ याची यादी त्यातून मिळते.

हाताने करताना प्रत्येक ब्रँचसाठी वेगळा फोल्डर ठेवा : ‘गिट वर्कट्री ॲड’, पुढे नव्या फोल्डरचं नाव आणि मग ब्रँचचं नाव. एकाच फोल्डरमध्ये चेकआउट बदलत राहिलात, तर मेनच्या नव्या डिपेंडन्सीज, म्हणजे ज्यांवर कोड अवलंबून आहे ती पॅकेजेस, २.३ च्या चाचण्यांत शिरतात, चाचण्या तुमच्याकडे पास होतात आणि वापरणाऱ्याकडे सॉफ्टवेअर चालत नाही. मग त्या फोल्डरमध्ये ‘गिट चेरी-पिक -एक्स’ आणि मेनवरचा हॅश. -एक्स मुळे संदेशाखाली मूळ कमिटचा हॅश नोंदला जातो. कॉन्फ्लिक्ट सोडवावा लागला असेल, तर ती ओळ संदेशात आहे ना ते पाहा, नसेल तर स्वतः लिहा. या ओळीवाचून सहा महिन्यांनी काहीच जुळवता येत नाही, कारण चेरी-पिकने तयार झालेल्या कमिटचा हॅश वेगळा असतो आणि ‘--कंटेन्स’ला तो सापडत नाही.

चेरी-पिक करताना ‘हा मर्ज कमिट आहे, -एम दिलेला नाही’ असं गिटने सुनावलं, तर स्क्वॉश न करता मर्ज झालं होतं असं समजा. ‘-एम १’ दिलं की पहिल्या पालकाशी, म्हणजे मर्जआधीच्या मेनशी, तुलना होऊन पूर्ण बदल उचलला जातो. तोच कॉन्फ्लिक्ट २.४ वर सोडवून परत २.३ वर सोडवायची वेळ येते, म्हणून ‘रीरीर’ चालू ठेवा : ‘गिट कॉन्फिग रीरीर.एनेबल्ड ट्रू’. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट तो लक्षात ठेवतो आणि परत तसाच आला तर स्वतः भरतो. तरीही फरक डोळ्यांखालून घाला.

प्रत्येक रिलीजच्या आधी एक तपासणी चुकवू नका : ‘गिट चेरी -व्ही मेन २.३.एक्स’. जुन्या ब्रँचवर आहे पण मेनवर तसा बदल नाही, अशा कमिटपुढे अधिक चिन्ह येतं, जुळणाऱ्यापुढे उणे. कॉन्फ्लिक्ट सोडवून बदललेला बॅकपोर्टही अधिक दाखवतो, कारण जुळणी पॅचच्या मजकुरावरून होते. त्याच्या संदेशात -एक्सची ओळ पाहून तो सोडून द्या. जे अधिक त्यानंतरही उरलं, ते घाईत थेट जुन्या ब्रँचवर केलेलं काम. ते मेनवर नेल्याशिवाय टॅग लावायचा नाही. क्रमांक बदलल्याचे कमिट तेवढे याला अपवाद.

लांब जगणाऱ्या दोन ब्रँचेसमध्ये मात्र स्क्वॉश-मर्ज कधीच नको. स्क्वॉशमध्ये दोन्हींचा सामाईक पूर्वज पुढे सरकत नाही, म्हणून पुढच्या मर्जला तेच जुने कॉन्फ्लिक्ट परत उभे राहतात. वर लिहिलेला स्क्वॉश छोट्या, मर्ज झाल्यावर पुसल्या जाणाऱ्या ब्रँचसाठी आहे.

काय बॅकपोर्ट करायचं आणि काय नाही, यावर जितकं कडक राहाल तितकं बरं. माहिती गमावणारे बग, सुरक्षेचे बग, क्रॅश, मागच्या रिलीजमध्ये बिघडलेली गोष्ट, एवढंच. ‘छोटंसंच फीचर आहे, घालून टाकूया’ याला नाही म्हणायला शिका. आणि एक गोष्ट तर कधीच नको : जुन्या ब्रँचच्या पॅच रिलीजमध्ये डेटाबेसचं मायग्रेशन, म्हणजे त्याच्या रचनेतला बदल. मेनवर ४१ ते ४६ क्रमांकांची मायग्रेशन्स झाली आहेत आणि तुम्ही २.३.५ मध्ये एक नवं ४१ घातलंत, असं धरा. तो माणूस उद्या २.४ वर गेला की त्याच्या डेटाबेसमध्ये झालेलं ४१ आणि कोडमधलं ४१ वेगळं. काही साधनं तिथे थांबतात. काही साधनं ‘४१ झालंय’ समजून पुढे जातात, एक कॉलम राहून जातो आणि तो महिनाभराने एखाद्या अहवालात दिसतो. दुरुस्तीला मायग्रेशन लागतंच असेल, तर जुन्या ब्रँचवर रचना न बदलता कोडमधून वळसा घाला, आणि मेनवर नीट करा.

कॉन्फ्लिक्ट सर्वांत जास्त येतात चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, कारण प्रत्येक जण त्याच फाइलच्या त्याच ठिकाणी ओळ घालतो. प्रत्येक बदलाची नोंद एका फोल्डरमध्ये छोट्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, फाइलचं नाव इश्यूच्या क्रमांकावरून, आणि रिलीजच्या दिवशी त्या जोडून चेंजलॉग बनवा. चेरी-पिकबरोबर नोंदही आपसूक जाते.

ब्रँच केव्हा काढायची? अल्फा, बीटा या रिलीजआधीच्या चाचणी-आवृत्त्या. जँगो अल्फाला काढतं, पायथॉन पहिल्या बीटाला. त्यांच्याकडे माणसं आहेत. ब्रँच निघाल्या क्षणापासून प्रत्येक दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते, म्हणून दोन-तीन मेंटेनर असतील तर ती शक्य तितकी उशिरा काढा. मेनवर दोन आठवडे नवी फीचर्स घेणं थांबवा, तिथेच पहिला रिलीज कँडिडेट (रिलीज होऊ शकेल अशी आवृत्ती) टॅग करा, आणि दुसऱ्या कँडिडेटची गरज पडली तरच ब्रँच. एवढंही नको असेल तर याहून साधी वाट आहे, जी फार लोक वापरत नाहीत : मेनवरच २.३.० टॅग करायचं आणि ब्रँच काढायचीच नाही. पहिला बॅकपोर्ट खरोखर लागेल त्या दिवशी ‘गिट ब्रँच २.३.एक्स व्ही२.३.०’. टॅग जागेवर आहे तोवर ब्रँच कधीही काढता येते. कित्येक रिलीजना तो दिवस येतच नाही.

टॅग ब्रँचवर लागला तर एक घोटाळा हमखास होतो. मागचा जवळचा टॅग सांगणाऱ्या ‘गिट डिस्क्राइब’वरून आवृत्तीचा क्रमांक काढत असाल, तर मेनला ब्रँचवरचा टॅग दिसत नाही, कारण तो मेनचा पूर्वज नाही. २.३.० बाहेर पडलेलं असतं आणि मेनवरचं बिल्ड स्वतःला २.२ चंच पुढचं समजतं. पॅकेज मॅनेजर मग नव्या बिल्डला जुनं मानून बसवत नाही. ब्रँच काढल्यावर मेनवर जो पहिला कमिट येईल, त्यावर लगेच ‘२.४.०-डेव्ह’चा टॅग लावा.

नावांबद्दल थोडक्यात. ब्रँचला २.३.एक्स म्हणा, टॅगला व्ही२.३.०. दोन्हींना एकच नाव दिलं तर गिट ‘नाव संदिग्ध आहे’ असा इशारा देतं आणि स्क्रिप्ट भलतीकडेच जाते. तिरकस रेघेची नावं आवडत असतील, तर ‘रिलीज’ नावाची नुसती ब्रँच आधी असू देऊ नका. ती असताना ‘रिलीज/२.३’ तयारच होत नाही. टॅग सही करून लावा, ‘गिट टॅग -एस’, आणि एकदा बाहेर गेलेला टॅग कधीही हलवू नका. ज्यांनी तो आधी ओढून घेतला आहे त्यांच्याकडे साध्या फेचने तो बदलत नाही, आणि पॅकेज बनवणाऱ्यांनी नोंदवलेला चेकसम (फाइल तीच आहे ना हे ताडायचा आकडा) चुकतो. २.३.० मध्ये चूक राहिली तर दहा मिनिटांनी २.३.१ काढा. आकडे फुकट आहेत.

वेळापत्रकाचं रिबंदर-चोडणच्या फेरीबोटीसारखं ठेवा. बोट सुटायच्या वेळी जो धक्क्यावर आहे तो चढेल, बाकीचे पुढच्या फेरीला. ‘हे एवढं फीचर होऊ द्या, मग काढू’ म्हणून थांबवलेलं रिलीज आणखी तीन फीचर्ससाठी थांबतं आणि ब्रँच फुगत जाते. रस्ट ही भाषा दर सहा आठवड्यांनी सुटते, जँगो साधारण आठ महिन्यांनी, पायथॉन वर्षातून एकदा ऑक्टोबरात. कर्नलमध्ये दोन आठवडे नवं काम घेतात, मग दर आठवड्याला एक कँडिडेट, बहुधा सातव्या किंवा आठव्याला थांबतात. आपल्या प्रकल्पाला वर्षातून दोनदा पुरे. महिने इथलं कॅलेंडर पाहून निवडा. गणेशचवथीच्या आधीच्या पंधरवड्यात रिलीज ठेवलं, तर पहिला बग येईल तेव्हा सगळे मेंटेनर गावच्या घरी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधत असतील. विद्यार्थ्यांवर चालणारा प्रकल्प असेल तर परीक्षेचे आठवडेही टाळा. फेब्रुवारी आणि नोव्हेंबर जमण्यासारखे आहेत.

भाषांतराचा वेळ त्यात धरा. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा आणि मराठीचा वापर करायची तरतूद. त्यावर इंग्रजी, आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, वाचणारे लोक वेगळे. म्हणजे वाचनालयाच्या सॉफ्टवेअरला चार तऱ्हेचा मजकूर लागणार, आणि प्रत्येकाला एखाद-दुसराच भाषांतर करणारा. फीचर्स थांबवाल त्याच दिवशी मजकूरही गोठवा, आणि निदान दोन आठवडे द्या. जुन्या ब्रँचवर बॅकपोर्ट करताना स्क्रीनवर दिसणारं एक वाक्यही बदलू नका, कारण त्या वाक्याचं भाषांतर गळतं आणि मराठी स्क्रीनवर मध्येच इंग्रजी ओळ येते. वेबलेट हे भाषांतराचं साधन वापरत असाल तर जिवंत ब्रँचसाठी वेगळा घटक ठेवावा लागतो. नाहीतर २.३ मधली चूक कुणी सुधारली, तरी ती फक्त मेनवर जाते.

जुन्या ब्रँचची सीआय, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चाचण्यांची सोय, कुणाचं लक्ष नसताना मरते. सहा महिने तिथे कमिट नसतो, तेवढ्यात चाचण्या चालवणाऱ्या यंत्राची (रनरची) तयार इमेज बंद होते किंवा एखाद्या डिपेंडन्सीची नवी आवृत्ती जुनं तोडते. मग सुरक्षेची दुरुस्ती द्यायच्या रात्री आधी सीआय दुरुस्त करत बसायचं. ब्रँचवर डिपेंडन्सीजचे नेमके क्रमांक बांधून ठेवा आणि आठवड्यातून एकदा चाचण्या चालवा. गिटहबवर वेळेनुसार चालणारं वर्कफ्लो फक्त मुख्य ब्रँचवरचंच चालतं, २.३.एक्स मधल्या फाइलमध्ये वेळ लिहून उपयोग नाही. मेनवर एक वर्कफ्लो ठेवा आणि त्यातून २.३.एक्स चेकआउट करून चाचण्या चालवा. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर तेही आपोआप बंद पडतं, म्हणून अधूनमधून पाहावं.

सुरक्षेच्या दुरुस्तीला वरचा क्रम लागू, पण उघड्यावर नाही. मेनवर दुरुस्ती आधी टाकून बॅकपोर्ट दोन दिवसांनी केलात, तर ते दोन दिवस जुनी आवृत्ती वापरणारे सगळे उघडे पडतात, कारण फरक वाचून हल्ला कसा करायचा ते कळतं. खासगी रेपोत सगळ्या जिवंत ब्रँचेसचे पॅच तयार करा, चाचण्या तिथेच चालवा, आणि सगळं एकाच वेळी पुश करून लगेच टॅग लावा. पॅच लहान आणि स्वतंत्र ठेवा, सोबत नीटनेटकेपणाचे बदल नकोत. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत तुम्ही सोडून दिलेली आवृत्तीही असू शकते, आणि तिथले लोक हाच पॅच उचलून स्वतः बसवतात.

हे सगळं योगदानाचे नियम सांगणाऱ्या कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये लिहायला अर्धं पान पुरतं. सगळे बदल मेनवर. जिवंत ब्रँचेस कोणत्या, प्रत्येकीचा मेंटेनर कोण आणि तिची शेवटची तारीख कोणती. बॅकपोर्टला काय चालतं. पॅच रिलीजमध्ये मायग्रेशन नाही, मजकूर बदल नाही. टॅग हलवायचा नाही. जिवंत ब्रँचेसची संख्या मेंटेनरांच्या संख्येहून जास्त कधीच नसावी. एकटेच असाल तर मेनशिवाय फार तर एक.

शेवटची तारीख ब्रँच काढतानाच जाहीर केलेली असली की बंद करणं सोपं जातं. ती तारीख यायच्या तीन महिने आधी चेंजलॉगमध्ये सांगा, म्हणजे सत्तरीच्या वाचनालयात कुणी पुढच्या फेरीत जाऊन नवी आवृत्ती बसवून येईल. त्या दिवशी उरलेले बॅकपोर्ट घेऊन एक शेवटचा पॅच काढा. सॉफ्टवेअर सुरू होताना ‘या आवृत्तीला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत’ असं दाखवायचं असेल, तर ते वाक्य २.३.० मध्येच, तारखेनंतर दिसेल असं, चारही तऱ्हांच्या भाषांतरासकट घालून ठेवलेलं असावं. मग टॅग लावा, ‘बॅकपोर्ट २.३’ हे लेबल काढून टाका, आठवड्याच्या चाचण्यांमधून ब्रँच वगळा आणि ब्रँच पुसा. शेवटचा टॅग आहे तोवर इतिहासातला एकही कमिट हरवत नाही, आणि ब्रँचच्या यादीत फक्त तीच नावं उरतात ज्यांच्या बगला आजही कुणीतरी उत्तर देणार आहे.